झुंबराला लटकू द्या: डी अँड डीमधली तलवारबाजी जागची हलवायची कशी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या, पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) दोन तलवारबाज भिडले की पहिल्या दोन फेऱ्या मजा येते. मग दोघंही खांबासारखे उभे. फासा, डॅमेज, फासा, डॅमेज. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशाला +५ आणि समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५ असेल, तर ५५ टक्के वार लागतात. रेपियर या सडपातळ तलवारीचे १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ३) धरले, तर फेरीला सरासरी चारेक हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) जातात. चाळीसवाला पडायला नऊ-दहा फेऱ्या!

त्यात कुणी झुंबराला लटकून झेप घेतो म्हणालं, की डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) आधी ॲक्रोबॅटिक्सचा, म्हणजे कसरतीचा, फासा मागतो, मग हल्ल्याचा. पहिला ६० टक्के, दुसरा ५५. दोन्ही जमायची शक्यता ३३. कोण कशाला लटकेल?

त्यावर घरचा नियम असा: कसरतीचा फासा (डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १४) हालचालीतच टाकू द्या, ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च नको. जमलं तर त्या वाराला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), म्हणजे ५५चे जवळपास ८० टक्के. फसलं तर ॲडव्हान्टेज गेला, पण वार शाबूत. फसल्याबद्दल माणसाला आपटायचा मोह आवरा, नाहीतर पुन्हा खांब.

मात्र एकच झुंबर दर फेरीला कामाला येऊ लागलं, तर त्याचाही कंटाळा येतो. झुंबर, पडदा, जिन्याचा कठडा, दारूचं पिंप अशी चार-पाच कार्डं लिहून मधोमध ठेवा. वापरलेलं कार्ड बाद. खलनायकालाही त्यातलंच उचलू द्या. मग झुंबर आधी कोण पकडतो याचीच चढाओढ लागते.

नि:शस्त्र करण्याचा पर्यायी नियम २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (डीएमच्या नियमपुस्तकात) आहे: हल्ल्याचा फासा विरुद्ध समोरच्याचा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स. जिंकलात तर डॅमेज नाही, पण हातातली वस्तू खाली. गोची अशी, की पडलेली तलवार तो आपल्या टर्नला फुकटात उचलतो, कारण वस्तू हाताळायची एक संधी प्रत्येकाला मोफत असते. तुमचीही तशी संधी असतेच. डीएमची हरकत नसेल तर तिच्यात, त्याच टर्नला, तलवारीला लाथ घालून ती दहा फूट लांब पाठवा. आता ती आणायची तर त्याला तुमच्या पल्ल्याबाहेर पडावं लागेल आणि तुम्हाला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (पल्ल्याबाहेर जाणाऱ्यावरचा जादा वार) मिळेल. शत्रूभोवती पल्ल्यात राहून फिरलं तर मात्र हा अटॅक होत नाही. बरेच खेळाडू हे विसरतात आणि उगाच जागेवर खिळून राहतात.

भाडोत्री गुंडांना चौथ्या आवृत्तीतल्या मिनियन या किरकोळ शत्रूंसारखा एकच हिट पॉइंट द्या. मुख्य खलनायकाचं काय करायचं ते मात्र आधीच ठरवून ठेवा: निम्मे हिट पॉइंट गेले की तो शरण येईल, सौदा करेल, की खिडकीतून उडी टाकेल. खिडकी ठरली, तर तिचंही कार्ड टेबलावर हवं.