अस्थिमज्जेबाहेर रक्त तयार होतं तेव्हा: या चुका टाळा

थॅलेसेमिया इंटरमीडिया (तांबड्या पेशी नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा मध्यम प्रकार) असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं ७-८ वर टिकून असतं, रक्त क्वचितच चढवावं लागतं, आणि घरचे निर्धास्त होतात. पहिली चूक इथेच होते. हा आकडा टिकवायला शरीर किती राबतंय, ते रिपोर्टात दिसत नाही. तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मोठ्या संख्येने मरतात. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन (रक्त बनवायला लावणारं संप्रेरक) सोडत राहतात, मज्जा फुगते, आणि तीही पुरेना की जन्माआधी रक्त बनवणारी यकृत आणि प्लीहा पुन्हा कामाला लागतात. काहींच्या मणक्यांशेजारी रक्त बनवणाऱ्या गाठीच तयार होतात. नियमित रक्त मिळणाऱ्या थॅलेसेमिया मेजरच्या (याच आजाराच्या तीव्र प्रकाराच्या) रुग्णांत हे कमी दिसतं, कारण मज्जेमागचा तगादा कमी झालेला असतो.

बहुतेक गाठी त्रास देत नाहीत. पण छातीमागच्या कण्यात गाठ वाढून मज्जारज्जू दाबला गेला, तर पाठदुखीला मलम चोळत दिवस काढणं फार महागात पडतं. पाय जड होणं, जिन्यावर अडखळणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, लघवी आवरता न येणं किंवा अडणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अ‍ॅनिमियाचं, म्हणजे थॅलेसेमियाचं, नाव डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे कण्याचा एमआरआय लांबणार नाही. उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

याच्या उलट चूकही होते. एक्स-रेत मणक्याशेजारी गुळगुळीत कडांची सावली दिसली की कॅन्सर समजून लगेच बायोप्सीची (सुईने तुकडा काढून तपासण्याची) घाई. या गाठींत रक्तवाहिन्या भरपूर असतात, सुईने रक्तस्राव होऊ शकतो. आजार आणि एमआरआय जुळत असतील तर बायोप्सी बऱ्याचदा टाळता येते. शंका उरलीच तर ती पूर्ण तयारीनिशी करावी.

उपचारात रक्त चढवणं, हायड्रॉक्सियुरिया हे औषध, कमी मात्रेचं रेडिएशन, कधी शस्त्रक्रिया, आणि अनेकदा यांची सांगड असते. बरं वाटलं म्हणून ते परस्पर थांबवू नका, गाठ पुन्हा वाढू शकते.

आणि हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या तर मुळीच नकोत. या आजारात रक्त न चढवताही आतडी जादा लोह शोषतात. फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) बेताचं दिसलं तरी यकृतात लोह साचलेलं असू शकतं, म्हणून यकृतातलं लोह एमआरआयने मोजायचं का, हे रक्तविकारतज्ज्ञांना जरूर विचारा.