कॅमेऱ्याची बॉडी नंतर पाहा, पहिले लेन्स मोजा

आमच्या नागपुरात कॅमेऱ्याची कंपनी वारशानं येते. काकाकडे रोलवाला निकॉन होता म्हणून आपण निकॉनवाले, सीताबर्डीत ज्याच्या हाताखाली लग्नं शिकलो तो कॅननवाला म्हणून आपणही कॅननवाले, आणि दोन्ही बाजूचे लोक फुटाळ्यावर चहा पिता पिता असे भांडतात जसं काही कंपनी यांच्या नावानं सातबारा करून देणार आहे.

परवा मामाचा पोट्टा आला. मोबाइलवर ऑफर पाहून राहिला होता. म्हणे, "दादा, बॉडीवर मस्त सूट आहे, घेऊन टाकू काय?" मी म्हटलं, काढणार काय बे तू? म्हणे ताडोबा, मधेमधे मित्रांची लग्नं, आणि मारबतीची, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक. बरं, मग ऑफर बंद कर अन् वही घे. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

पहिले पुढच्या तीन वर्षांत लागणाऱ्या लेन्स लिहा. बॉडीचं नावच लिहायचं नाही. त्याची यादी अशी झाली: वाघासाठी ५०० किंवा ६०० एमएम पर्यंत जाणारी, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लग्नासाठी २४-७० सारखी एफ २.८ वाली (एफचा आकडा जितका कमी तितका उजेड जास्त), आणि इतवारीच्या गल्लीत माणसांच्या गर्दीत पिवळी मारबत पूर्ण फ्रेममध्ये घ्यायची तर एक वाइड, म्हणजे जवळूनही जास्त जागा टिपणारी. या तिन्हीसमोर दोन-दोन किमती लिहा, एक कंपनीच्या स्वतःच्या लेन्सची आणि एक सिग्मा, टॅमरॉन वगैरे थर्ड पार्टीची, म्हणजे दुसऱ्या कंपनीची, तीही ऑटोफोकसवाली असेल तरच. ज्या माउंटसमोर (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जोडणी) दुसरा रकाना रिकामा राहतो तिथं बॉडीवरची सूट कंपनी पहिल्याच लेन्समध्ये वसूल करते, हे लिहून ठेवा.

आता माउंट माउंटचं कसं आहे ते सांगतो. सोनीनं २०११ मध्येच ई माउंटची मूळ माहिती लेन्सवाल्यांना फुकट दिली, म्हणून आज तिथं सगळ्यात जास्त चॉइस आहे, सिग्मा १५०-६०० पण मिळते, टॅमरॉन १५०-५०० पण मिळते. निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ दोन्ही २०१८ चे, पण निकॉननं हळूहळू दार उघडलं, टॅमरॉनची १५०-५०० आणि ३५-१५० झेडमध्ये आली, सिग्माच्या १६, ३०, ५६ या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, बिनझूमच्या प्राइम २०२३ मध्ये आल्या. कॅननचं मात्र कडक काम. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या लेन्स कंपनीला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं बंद करावं लागलं, मग २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली ती क्रॉप बॉडीच्या लेन्सची. म्हणजे आर ५० किंवा आर १० सारखी क्रॉप बॉडी घेणाऱ्याला सिग्माची १८-५० एफ २.८ मिळते, त्याचं भागतं, पण उद्या फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, जायचं म्हटलं की तीच लेन्स सेन्सरचा मधलाच भाग वापरते आणि २४ मेगापिक्सेलची बॉडी साधारण ९ वर येते. हे दुकानदार सांगत नाही, तुम्हीच विचारा.

कॅनन म्हणून वाईट असं मी म्हणत नाही हां. जुन्या ईएफ लेन्सचा ढीग आहे, १९८७ पासूनचा, आणि ईएफ ते आरएफ अॅडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला लावायच्या जोडावर) त्या चांगल्या चालतात. ज्याला सेकंडहँड घ्यायला लाज वाटत नाही त्याच्यासाठी तर ही सोय भारी आहे. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरचं एक लक्षात ठेवा, त्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे काकाच्या कपाटातल्या जुन्या एएफ-डी लेन्स लागतील पण फोकस हातानं फिरवावा लागेल. निकॉनच्या २००-५०० एफ ५.६ मध्ये स्वतःची मोटर आहे, ती बिनधास्त घ्या.

टेलीमध्ये, म्हणजे लांबच्या लेन्समध्ये, फक्त आकडा पाहून भुलू नका. कॅननच्या ६०० आणि ८०० एफ ११ लेन्स हलक्या आहेत, स्वस्तही आहेत, पण एफ ५.६ ला जिथं आयएसओ १६०० पुरतो तिथं एफ ११ ला ६४०० लागतो, आणि आयएसओ वाढला की फोटो दाणेदार होतो. सकाळच्या सफारीत गेटमधून आत गेल्यावर झाडाखाली उजेड असतो किती? आणि वाघ नेमका तेव्हाच रस्त्यावर चालत असतो, ऊन चढलं की तो पाण्यात बसून राहतो आणि तुम्ही जिप्सीत भाजून निघता.

थर्ड पार्टीतही गोम आहे. सोनीच्या ए वन, ए नाइन या वेगवान बॉडींवर थर्ड पार्टी लेन्स सेकंदाला १५ फोटोच्या वर जात नाही, सोनीचा टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) त्यावर लागत नाही. पोट्ट्याला म्हटलं, तू काही ऑलिम्पिक कव्हर करायला नाही चालला, १५ तुला पुष्कळ होतात.

यादी झाली की लेन्स आधी भाड्यानं आणा. दोन दिवस. अंबाझरी तलावावर जाऊन उडणाऱ्या पक्ष्यावर फोकस धरतो का पाहा, गोरेवाड्याच्या जंगलात जाऊन ते वजन जिप्सीत बीनबॅगवर ठेवून पेलतं का पाहा. सेकंडहँड घेत असाल तर स्वतःचं कार्ड आणि स्वतःची बॉडी घेऊन जा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून मोबाइलचा टॉर्च मागून मारा. धुळीचे ठिपके चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो फंगस, सोडून द्या. झूम पूर्ण बाहेर काढून एक फोटो, आत घेऊन एक, चारही कोपरे मोठे करून पाहा. नवी घेतली तर पक्कं बिल आणि भारतातलीच वॉरंटी, "बाहेरचा माल आहे, सेम टू सेम" म्हणाला की नमस्कार करा.

आणि फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर. थर्ड पार्टी लेन्स घेतली की हे काम तुमचं. टॅमरॉनच्या बऱ्याच नव्या लेन्सला यूएसबी-सीचं भोक असतं, सरळ लॅपटॉपला लावायची. काहींचं बॉडीतून होतं, काही जुन्यांना वेगळा डॉक लागतो, तो विकणाऱ्याकडून लेन्ससोबतच मागून घ्या. बॉडी नवी घेतली की आधी घरी बसून लेन्सवाल्याच्या साइटवर त्या बॉडीचं नाव पाहा, अपडेट मारा, मग एक तास गल्लीतल्या कुत्र्यांवर चालवून पाहा.

मी हे केलं नव्हतं. नवीन बॉडी, अॅडॅप्टर, जुनी थर्ड पार्टी टेली, आणि थेट ताडोबाचं मोहर्ली गेट. वाघीण दोन पिल्लं घेऊन समोरून आली आणि लेन्स फोकस मागेपुढे करत करत तिथंच गपगार. बंद केली, चालू केली, काढून लावली, शेवटी हातानं रिंग फिरवली, हात थरथरत होते. घरी येऊन पाहतो तर अपडेट चार महिन्यांपासून साइटवर पडलेलं. वाघिणीचा फोटो आहे माझ्याकडे, मागचा बांबू एकदम शार्प आला.