वाचताना डोळ्यांना दामटू नका : या चुका टाळा

वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते की पुढची उडी. उडी चालू असताना जवळजवळ काहीच टिपलं जात नाही. वाचन होतं ते थांब्यावर. आणि थांबा किती वेळ, हे ठरतं शब्द किती ओळखीचा आहे त्यावर. झटपट वाचनाचे क्लासवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागे वळणाऱ्या नजरेला गुन्हेगार ठरवणं. इंग्रजीच्या सराईत वाचकांच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात. 'मांजरीने उंदीर पकडणारा बोका पाहिला' हे वाक्य घ्या. उंदीर मांजरीनेच पकडला असं धरून आपण निघतो. बोका आला की मागे यावंच लागतं. वाचलेल्या ओळींवर पोस्टकार्ड सरकवत मीही एक कादंबरी संपवली. संपली लवकर, पण कोण कोणाचा मेहुणा ते शेवटपर्यंत कळलं नाही! २०१४ साली श्कोटर, ट्रॅन आणि रेनर या संशोधकांनी वाचून झालेले शब्द झाकून पाहिले, तेव्हा आकलन घसरलं. तेव्हा कार्ड बाजूला ठेवा.

'एका नजरेत अख्खी ओळ' हाही भ्रमच. इंग्रजीत थांब्याच्या डावीकडची तीन-चार अक्षरं आणि उजवीकडची चौदा-पंधरा, एवढ्याच पट्ट्याचा उपयोग होतो. त्यातलीही टोकाची अक्षरं ओळखू येत नाहीत, शब्द कुठे संपतो एवढंच कळतं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे तिथे हा पट्टा डावीकडे झुकतो.

पुढची उडी कुठे पडायची हे शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून ठरतं. मोडी लिपीत शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती, म्हणून अक्षरं पाठ असूनही नवशिका अडखळतो. लॅपटॉपवर ओळ चुकत असेल तर खिडकी अरुंद करा, दोन ओळींतलं अंतर वाढवा. लांब ओळीच्या शेवटून परतताना नजरेचा नेम चुकतो, बाकी काही नाही.

स्वतःचा मजकूर लगेच तपासू नका. अपेक्षित शब्दांवरून नजर उडी मारून जाते, मग 'आणि आणि' तसंच छापलं जातं. दोन दिवसांनी, मोठ्याने वाचा.

मुलाची नजर पानावर भरकटत असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तो ठीक असेल तर दोन इयत्ता खालचा धडा वाचायला द्या. तिथे नजर सुरळीत चालली, तर डोळ्यांचे व्यायाम नकोत. अडचण शब्दांची आहे.