लॅपटॉपचा कीबोर्ड घेण्याआधी कसा पारखायचा

लॅपटॉपच्या कीबोर्डवरून वाद सुरू झाला की पहिला मुद्दा निघतो बटण किती खोल दबतं याचा. मी भाषांतरं करते, दिवसभर बोटं चालूच असतात, आणि मला वाटतं या मुद्द्याला गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपची बटणं १ ते १.५ मिलिमीटर दबतात. बोटं काही दिवसांत रुळतात. ॲपलने २०१५ मध्ये आणलेली 'बटरफ्लाय' बटणं मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर दबायची. धूळ शिरली की ती अडकायची, आणि २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी परत जुन्या, कात्रीसारख्या रचनेकडे वळली. तरीही त्या बटणांवर जीव टाकणारे लोक मला भेटले आहेत, तेव्हा खोलीबद्दल दुसऱ्याचं मत घेऊच नका.

मी आधी बघते ते बटण कुठे आहे. F आणि J वर बोटांना लागणारे उंचवटे असतात. त्यांच्यावर तर्जनी ठेवा आणि नाक स्क्रीनच्या मध्यावर येतं का पाहा. उजवीकडे नंबरपॅड (आकड्यांच्या बटणांचा वेगळा संच) असलेल्या लॅपटॉपवर अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो, आणि खांदे एकीकडे, मान दुसरीकडे अशी अवस्था होते. मला हे अजिबात चालत नाही. आकडेमोड करणारी माणसं नंबरपॅड सोडणार नाहीत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग डोळे मिटून बाणांची बटणं शोधा. डाव्या-उजव्या बाणाच्या वर मोकळी जागा असेल तर बोट आपोआप पोचतं. ते दोन बाण पूर्ण उंचीचे आणि वर-खालचे अर्धे असतील, तर दर वेळी मान खाली जाते. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी नेणारी होम आणि एंड ही बटणं स्वतंत्र आहेत की Fn हे जोडबटण धरून दाबावी लागतात, हेही तेव्हाच पाहा. मजकूर तपासणाऱ्याला त्यांची सतत गरज पडते.

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड लेआउटने मराठी टाइप करणाऱ्यांनी उजवी कड नीट बघावी. इंग्रजीवाल्याला तिथे फक्त विरामचिन्हं दिसतात. आपल्याला तिथे च, ट, ड आणि 'ॉ' लागतात. नंबरपॅड बसवायला काही लॅपटॉपवर नेमकी हीच बटणं अरुंद केलेली असतात. मग 'चटकन' टाइप करायलाही करंगळी चाचपडते. कीबोर्डची परीक्षणं लिहिणाऱ्यांना याची गंधवार्ताही नसते. दुकानात मराठी लेआउट सुरू नसला तरी या जागांवर बोटं फिरवून अंदाज येतो.

G-H च्या आसपास जरा जोरात दाबा. पत्रा खाली वाकत असेल तर टायपिंग पिचपिचीत लागतं. मनगट टेकतं ती कड धारदार आहे का, तेही बघा. राखाडी बटणांवर पांढरा उजेड असेल तर दिवसा अक्षरं दिसेनाशी होतात. न बघता टाइप करणाऱ्याला अर्थात त्याचं काही नाही.

लॅपटॉप आधीच घेतलेला असेल, तरी बरंच करता येतं. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपवर वर्षानुवर्षं Fn अगदी कोपऱ्यात आणि Ctrl त्याच्या आत असायचं. खटकत असेल तर बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) दोघांची अदलाबदल होते. विंडोजवर पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममधून कॅप्सलॉकला दुसरं काम देता येतं; मी त्याला Ctrl केलंय. पॉवरचं बटण डिलीटला चिकटून असेल, तर ते दाबल्यावर काहीच होऊ नये अशी सोय सेटिंगमध्ये आहे. उथळ बटणांवर ठोकू नका, लगेच तळ लागतो आणि बोटांची टोकं दुखतात.

एका गोष्टीवर मात्र सेटिंग चालत नाही. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात कोपराच्या उंचीला ठेवले तर मान वाकते, स्क्रीन उचलला तर खांदे चढतात. तासन्‌तास लिहायचं असेल तर लॅपटॉप स्टँडवर चढवा आणि वेगळा कीबोर्ड जोडा. तो बिननंबरपॅडचा घ्या, म्हणजे माऊससाठी हात लांब न्यावा लागत नाही.