कागदावर 15 सेंटीमीटर : गावातल्या सरकारी कामाचं कंत्राट कसं तपासावं

गावात रस्ता होतो, गटार होतं, अंगणवाडीची खोली उभी राहते. सहा महिन्यांत रस्त्याची खडी वर येते आणि पारावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘सगळ्यांनी खाल्लं’. कुणी, कुठे, किती, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून हा लेख आहे. त्यासाठी वकील किंवा इंजिनिअर असण्याची गरज नाही. चौथीचं गणित, एक मोजपट्टी आणि चिकाटी एवढ्यावर भागतं.

उदाहरणादाखल एक काम धरू : 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाडीचा सिमेंट काँक्रीटचा रस्ता.

आधी कागद गोळा करा. कामाचं नेमकं नाव ठाऊक असेल तर राज्य सरकारच्या निविदांच्या महाटेंडर पोर्टलवर लॉगिन न करताही निविदेची सद्यस्थिती आणि निकाल पाहता येतो. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो. बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा लागतो आणि शुल्क 10 रुपये असतं. अर्जात ‘रस्ता खराब का झाला?’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. म्हणून असं लिहा : ‘सदर कामाचे मंजूर अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदा सूचना, तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व देयके आणि साहित्य चाचणी अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. मात्र मी आधी दुसरा मार्ग सुचवेन. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. समोर बसून फाईल चाळली की कोणत्या पानांच्या प्रती हव्यात ते कळतं, आणि नको त्या शंभर पानांचे पैसे भरावे लागत नाहीत.

कागद हातात आले की ते तारखेप्रमाणे लावा. वहीत दोन रकाने करा, एकात तारीख आणि दुसऱ्यात काय घडलं ते. क्रम असा असायला हवा : मान्यता, निविदा, करार, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप, देयक. कार्यारंभ आदेशाच्या आधीच काम झालेलं दिसलं, तर निविदा नंतर केवळ उपचार म्हणून काढली का, हा पहिला प्रश्न.

निविदेत दोन गोष्टी बघा. पहिली, कामाचे तुकडे. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला ई-निविदा लागते. म्हणून एकाच रस्त्याचे ‘मारुती मंदिर ते शाळा’ आणि ‘शाळा ते पाण्याची टाकी’ असे दोन भाग पाडले जातात, आणि दोन्हींची रक्कम मर्यादेच्या जेमतेम खाली ठेवली जाते. दुसरी, अटी. ठरावीक अंतरात स्वतःचा प्लांट हवा, अशी अट डांबरी कामाला समजण्यासारखी आहे, कारण मिश्रण गरम असतानाच अंथरावं लागतं. तीच अट पेव्हर ब्लॉक पुरवायच्या कामात घातली असेल, तर ती कुणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे ते शोधा. तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली असंही समजू नका. तिघांचे पत्ते, फोन क्रमांक, सनदी लेखापाल, अगदी शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा ताडून बघा. संगनमत करून निविदा भरणं हे 2002 च्या स्पर्धा कायद्यानुसार बेकायदा आहे.

बहुतेक तक्रारदार इथेच थांबतात, ‘टेंडर कुणाला मिळालं’ यावर. माझ्या मते खरी गळती त्यानंतर होते, आणि ती मोजमाप पुस्तिकेत सापडते. कार्यालयात तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहितो, उपअभियंता त्यातली काही मापं पडताळतो आणि त्यावरून बिल निघतं. तिची पानं क्रमांकित असतात. पान फाडलेलं किंवा आकडा खोडून सहीविना बदललेला दिसला, तर लगेच नोंद करून ठेवा.

आता मोजपट्टी घेऊन रस्त्यावर या. लांबी-रुंदी कुणीही मोजतो, जाडी कुणी मोजत नाही. साइडपट्टी भरलेली नसेल तिथे काँक्रीटची कड उघडी असते. तिथे पाच-सहा ठिकाणी मोजा, मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा. आपल्या उदाहरणात 100 गुणिले 3 गुणिले 0.15, म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट हवं. जाडी सगळीकडे 12 सेंटीमीटरच भरली, तर ते 36 घनमीटर होतं. तीन सेंटीमीटर म्हणजे बोटाची दोन पेरंही नाहीत, पण काँक्रीटचा पाचवा हिस्सा गेला. कडेला जाडी कमी आणि मध्ये बरोबर, असंही होऊ शकतं. त्यामुळे एवढ्यावर आरोप करू नका. माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. त्याच्या आधारे रस्त्याचा कोअर, म्हणजे यंत्राने आरपार कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढून मागा.

चाचणी अहवालात तारखा वाचा. काँक्रीटचे 15 सेंटीमीटरचे ठोकळे करून ते 28 दिवसांनी दाबून फोडतात. काँक्रीट 10 मार्चला ओतलं असेल, तर 28 दिवसांचा निकाल 7 एप्रिलच्या आधी येऊच शकत नाही. तरीही 31 मार्चच्या अंतिम बिलाला तो जोडलेला असेल, तर ठोकळा कधी फुटला? मार्चअखेरीच्या घाईत निघालेली बिलं म्हणूनच जास्त बारकाईने बघावीत. आमच्याकडच्या एका कामात गटाराच्या खोदाईचं मोजमाप ऐन जुलैत लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात तिथे गुडघाभर पाणी होतं आणि तसे फोटो गावातल्या निम्म्या मोबाइलमध्ये होते. त्या एका तारखेने सगळी फाईल उघडी पाडली.

खोदाईवरून आठवलं. जमिनीखाली गेलेलं काम सगळ्यात सोयीचं असतं. मऊ मातीपेक्षा कठीण खडकाच्या खोदाईचा दर कितीतरी जास्त असतो, आणि एकदा भराव टाकला की खाली काय होतं ते दिसत नाही. बिलात ‘कठीण खडक’ दिसला, तर शेजारच्या घराचा पाया ज्यांनी खणला त्यांना विचारा. काळी माती किती फुटांवर संपते हे विहीर खणणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतं.

शेवटी जादा बाबी, म्हणजे मूळ अंदाजपत्रकात नसलेली आणि नंतर वाढवलेली कामं, आणि दोषदायित्व कालावधी बघा. अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने घेतलेल्या कामात नंतर जादा बाबींची यादी वाढत गेली, तर प्रत्येक बाबीला कुणी, कोणत्या तारखेला, काय कारण देऊन मान्यता दिली ते तपासा. दोषदायित्व कालावधी करारातच लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. कित्येकदा गाव नव्या निधीसाठी हेलपाटे घालत असतं आणि जुन्या कंत्राटदाराची सुरक्षा ठेव तोवर कार्यालयात पडून असते.

हे सगळं एकट्याने करू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची 13 जानेवारी 2010 रोजी हत्या झाली. वेगवेगळ्या लोकांच्या नावाने अर्ज करा, कागदांच्या प्रती दोन-तीन घरांत ठेवा आणि ग्रामसभेत जाहीर वाचन करा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. तिथे कामाचे कागद गावासमोर वाचले गेले आणि ज्यांच्या नावावर मजुरी दाखवली होती, तीच माणसं समोर बसलेली होती.

तक्रार लिहिताना ‘भ्रष्टाचार झाला’ हे शब्द टाळा. ‘एमबीच्या अमुक पानावर जाडी 15 सेंटीमीटर नोंदवली आहे. अमुक तारखेला पाच ठिकाणी मोजली असता ती 11.5 ते 12.5 भरली. कोअर चाचणी करून फरकाची वसुली करावी,’ असं लिहा. जिल्हा परिषदेचं काम असेल तर कार्यकारी अभियंता आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या दोघांना द्या. दाद लागली नाही तर लोकायुक्तांकडे जाता येतं. कुणी थेट लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे. आणि अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.