झुरिच विमानतळ ते झेरमाट: हॉटेलच्या दारापासून मागे मागे आखा

मी मूळची सोलापूरची, गेली अकरा वर्षं बर्नला राहते. दिवाळी उलटली की माहेरचे, मैत्रिणींचे फोन सुरू होतात. "यंदा मुलांना बर्फात न्यायचंय. विमानाची तिकिटं काढली, झेरमाटला हॉटेलही झालं. आता विमानतळावरून एखादी गाडी सांग ना." हे 'एखादी गाडी' ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि नीट बसून बोलते. झेरमाटच्या प्रवासात घोळ होतो तो इथेच.

झेरमाट हे स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं स्कीचं गाव. तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालत नाहीत. बाहेरून येणाऱ्यांचा रस्ता टेश या खालच्या गावात संपतो. तिथल्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी सोडायची आणि पुढचे पाच किलोमीटर शटल रेल्वेने जायचं, बारा मिनिटांत. वर गावात फिरतात त्या विजेवरच्या छोट्या चौकोनी गाड्या. स्थानिक परवाना असलेल्या मोजक्या टॅक्सी टेशहून गावाच्या वेशीपर्यंत जातात, पण झुरिचहून तुम्हाला घेऊन आलेली व्हॅन तुमच्या हॉटेलच्या दाराशी पोचू शकत नाही. कोणीही तसं लिहून दिलं तरी नाही.

हे मी महागात शिकले. चार वर्षांपूर्वी आई-बाबा आणि दादा-वहिनी मुलांना घेऊन आले. मला रजा मिळाली नव्हती, म्हणून एका गाडीवाल्यांकडे व्हॅन सांगितली. पावतीवर स्वच्छ लिहिलं होतं, 'झेरमाट, हॉटेलपर्यंत'. रात्री साडेनऊला दादाचा फोन आला, "अगं, इथे नुसतं पार्किंग आहे. गाव कुठंय?" चालकाने टेशला सहा बॅगा उतरवल्या होत्या आणि तो निघून गेला होता. बाहेर उणे अकरा. आईचे गुडघे तेव्हाही दुखतच होते. ती मंडळी शटलने वर पोचली, तर हॉटेलची गाडी सातनंतर स्टेशनावर येत नाही असं कळलं. दादा दोन खेपा करून बॅगा घेऊन गेला. ताज्या बर्फात बॅगेची चाकं फिरत नाहीत, नांगरासारखी रुततात. आईने पहिले दोन दिवस खोलीतच काढले.

तेव्हापासून मी हा प्रवास उलटा आखते. विमान शेवटी, हॉटेलचं दार आधी.

म्हणून पहिला निरोप हॉटेलला. इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. मी असा लिहिते: "आम्ही अमुक तारखेला दुपारी बाराच्या सुमारास झेरमाट स्टेशनवर रेल्वेने पोचतोय. मोठी माणसं चार, मुलं दोन, बॅगा सहा. आमच्यात एकांना चालायला त्रास होतो. तुमची विजेची गाडी स्टेशनावर येते का, किती वाजेपर्यंत येते, त्याचे पैसे वेगळे का? खोली तयार नसेल तर सामान ठेवून घ्याल का?" उत्तर आलं की ते जपून ठेवायचं. गाडी नसेल, किंवा तुम्ही सुट्टीचं घर भाड्याने घेतलं असेल, तर स्टेशनाबाहेरच विजेच्या टॅक्सी मिळतात. पण घराचा पत्ता आणि चावी कुठे मिळणार हे दोन्ही कागदावर हवं. विंकेलमाटेनसारख्या वरच्या वस्तीत घर असेल तर चालत जायचा विचारही करू नका.

आता त्याच्या मागचा टप्पा, फिस्प ते झेरमाट. फिस्प म्हणजे झेरमाटसाठी गाडी बदलायचं स्टेशन. नकाशावर हे नाव 'व्ही' ने सुरू होतं, आणि आपली माणसं गाडीत 'विस्प' ऐकायची वाट बघत बसतात. घोषणा होते ती 'फिस्प'. जर्मनमध्ये अशा नावात 'व्ही' चा उच्चार 'फ' होतो. हे एवढंसं वाटतं, पण मी प्रत्येकाला हा शब्द तीनदा म्हणायला लावते.

झुरिच विमानतळावरून झेरमाट साधारण साडेतीन तास. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, बाहेर थंडीत जावं लागत नाही. झुरिच, बर्न, थून करत गाडी लोट्शबेर्गच्या डोंगराखालच्या बोगद्यात शिरते. २००७ साली सुरू झालेला हा बोगदा ३४.६ किलोमीटर लांब आहे. इथे लक्ष द्या. बहुतेक जण विमानातल्या जागरणाने याच वेळी पेंगतात. गाडी बोगद्याबाहेर पडते, एकदम ऊन आणि दोन्ही बाजूंना डोंगर दिसतात, सगळे खिडकीकडे वळतात, आणि चारपाच मिनिटांत फिस्प येतं. सामान वरच्या फळीवर, मुलांचे बूट काढलेले, आणि गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून बोगद्यात शिरल्याबरोबर बूट, जॅकेट चढवायचे, बॅगा खाली घ्यायच्या आणि बोगदा संपायच्या आत दाराजवळ उभं राहायचं. कोणी किती बॅगा उतरवायच्या हेही आधी ठरवा. आमच्याकडे वहिनी मुलांना घेऊन पहिली उतरते, दादा बॅगा देतो, बाबा खालून घेतात.

फिस्पला झेरमाटची लाल गाडी त्याच स्टेशनातून सुटते. मध्ये बहुतेक वेळा दहाएक मिनिटं असतात. चुकली तर घाबरून धावपळ करू नका, दिवसा अर्ध्या तासाने पुढची मिळते. ही छोट्या रुळांची गाडी १८९१ पासून झेरमाटला जाते. चढ तीव्र झाला की ती हळू होते आणि खाली खडखड ऐकू येते. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते, तिच्यात गाडीचं चाक अडकून ती वर चढते. सासूबाईंना पहिल्यांदा गाडीत बिघाड झाला असं वाटलं होतं, म्हणून सांगून ठेवते. सुमारे साडेसहाशे मीटरवरून सोळाशे मीटरवर नेते ती, सत्तरएक मिनिटांत.

तिकिटाबद्दल. स्विस रेल्वेचं अॅप फोनमध्ये घ्या, त्यात विमानतळापासून झेरमाटपर्यंत एकच तिकीट निघतं. स्वस्तातलं बचत-तिकीट दिसलं की बोट तिकडेच जातं, पण ते एका ठरलेल्या गाडीपुरतंच असतं. विमान उशिरा आलं की ते पैसे गेले. उतरण्याच्या दिवशी साधं तिकीट घ्या, ते त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं. बचत-तिकीट परतीला घ्या. पूर्ण भाडं जाऊन-येऊन माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं, त्यामुळे पाहुण्यांसाठीचं महिनाभराचं अर्ध्या भाड्याचं कार्ड किंवा स्विस ट्रॅव्हल पास यांचा हिशेब आधी करून बघा. झेरमाटवरच्या गोर्नरग्राट या डोंगरावर जाणार असाल तर तिथेही अर्ध्या भाड्याचं कार्ड उपयोगी पडतं. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सहा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी या पासाबरोबर कुटुंब-कार्ड फुकट मिळतं, पण त्यासाठी आई किंवा वडील सोबत लागतात. मुलं आजी-आजोबांबरोबर पुढे पाठवणार असाल तर हे विसरू नका.

वेळापत्रक दर डिसेंबरात बदलतं. ऑगस्टमध्ये लिहून ठेवलेली गाडी निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

मुंबईहून येणारं 'स्विस' या कंपनीचं थेट विमान मध्यरात्रीनंतर निघतं आणि उजाडायच्या आत झुरिचला उतरतं. या प्रवासासाठी याहून चांगली वेळ नाही, पुढचा सगळा दिवस हाताशी राहतो. तरी विमान टेकल्यापासून फलाटावर यायला मी दीड तास धरते. पासपोर्टची रांग असते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवणंही सुरू झालंय. संध्याकाळी सातनंतर उतरणार असाल तर माझं ऐका, त्या रात्री झुरिचलाच राहा. शेवटच्या गाडीच्या भरवशावर लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघू नये.

जिनिव्हाला उतरणाऱ्यांचं कामही असंच सोपं आहे. विमानतळाच्या स्टेशनातून फिस्पपर्यंत थेट गाडी आहे, झेरमाटपर्यंत एकूण चारएक तास. उजवीकडच्या खिडकीत बसा, लोझानपासून मॉन्त्रोपर्यंत तळं आणि मग शियाँचा किल्ला त्याच बाजूला दिसतो.

मग व्हॅन कोणी घ्यावी? आठ-दहा माणसं, तान्हं बाळ, किंवा ज्यांना रेल्वेची पायरी चढणं कठीण, त्यांनी जरूर घ्यावी. अर्थात मदत लागते असं आधी कळवलं तर रेल्वेची माणसंही चढायला-उतरायला मदत करतात. व्हॅन ठरवताना पैशांच्या आधी हे विचारा. सोडणार कुठे, टेशला ना? तसं लिहून घ्या. विमान उशिरा आलं तर किती वेळ थांबणार आणि त्याचे किती घेणार? विमानाचा क्रमांक त्यांच्याकडे आहे का? मुलांच्या सीट किती? स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळी सीट लागते. मुलांचं वय आणि उंची दोन्ही कळवा, 'दोन मुलं' एवढ्याने भागत नाही.

स्वतः गाडी भाड्याने घेणाऱ्यांना एकच सांगते. नकाशाचं अॅप कधी कधी फुर्का किंवा ग्रिम्झेल घाटाचा रस्ता दाखवतं. हे घाट हिवाळ्यात बंद असतात. झुरिचकडून येताना कांडरश्टेगला गाडीसकट रेल्वेवर चढायचं आणि पंधराएक मिनिटांत बोगद्यापलीकडे गोपेनश्टाइनला उतरायचं. पण पुण्या-मुंबईत गाडी चालवलेल्या माणसाने रात्रीच्या विमानानंतर पहिल्यांदाच बर्फाच्या रस्त्यावर चालवावी, हे मला पटत नाही. माझ्या घरच्यांना मी ते करू देत नाही.

आणि ग्लेशियर एक्सप्रेसचं नाव ऐकून तिचं तिकीट काढू नका. ती झेरमाट ते सेंट मॉरित्झ आठेक तासांची बघण्याची सफर आहे. विमानतळावरून पोचायच्या कामाची नाही.

शनिवार शक्यतो टाळा. भाड्याची घरं बहुधा शनिवार ते शनिवार दिली जातात, त्यामुळे नाताळ ते नववर्षात आणि फेब्रुवारीच्या शाळांच्या सुट्ट्यांत त्या दिवशी अर्धी गर्दी वर चाललेली आणि अर्धी खाली येणारी, प्रत्येकाच्या खांद्यावर स्कीच्या काठ्या. मंगळवार-बुधवारी त्याच गाडीत तुम्हाला समोरासमोरच्या जागा मिळतील.

सामान कमी आणा. स्की, बूट, हेल्मेट सगळं झेरमाटला भाड्याने मिळतं. स्विस रेल्वे स्टेशन ते स्टेशन बॅगा पोचवते, पण त्या साधारण तिसऱ्या दिवशी हातात येतात, म्हणून गरम कपड्यांची बॅग त्यात देऊ नका. टोपी, हातमोजे, एक जाड जॅकेट आणि औषधं पाठीवरच्या पिशवीतच हवीत. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणा, टिकतात आणि गाडीत सांडत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी मात्र आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणायला परवानगी नाही.

आईच्या पर्समध्ये मी एक चिठ्ठी ठेवते. मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एकच गोष्ट: गाडी किती वाजता, कुठला फलाट, कुठे उतरायचं, बोर्डावर ते नाव इंग्रजीत कसं दिसेल, आणि शेवटी हॉटेलचा नि माझा नंबर. फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते, कागदाला काही होत नाही.

परतीला जास्त काळजी घ्या. जानेवारी २०१८ मध्ये एवढा बर्फ पडला की हिमस्खलनाच्या भीतीने झेरमाटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाली. सुमारे तेरा हजार पर्यटक वर अडकले होते, आणि हवा निवळल्यावर काहींना हेलिकॉप्टरने खाली आणलं. असं दरवर्षी होत नाही, पण काही तासांची बंदी कुठल्याही हिवाळ्यात होऊ शकते. म्हणून विमानाच्या आदल्या रात्री मी कुणालाही झेरमाटला ठेवत नाही. शेवटची रात्र झुरिचला, किंवा आमच्याकडे बर्नला. निघायच्या दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ रेल्वेच्या अॅपमध्ये फिस्प-झेरमाट मार्गाची सूचना बघायची. मोठ्या बर्फाचा इशारा आला तर उरलेला स्कीचा दिवस सोडून द्यायचा, हॉटेलवाल्यांशी बोलायचं आणि मार्ग चालू आहे तोवर दुपारच्या गाडीने खाली यायचं. गेल्या फेब्रुवारीत दादाने तसंच केलं. मुलं रुसली होती, पण रात्री जेवायला सगळी बर्नला आमच्या घरी होती.