इंजिन बसलं? गाडीला जुळणारं दुसरं इंजिन असं शोधा

अंधेरी सबवेत पाणी भरलं होतं आणि माझी डिझेल डिझायर मधोमध बंद पडली. घाबरून मी पुन्हा चावी फिरवली. आतून एकच 'ठक्' असा आवाज आला. एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून कळकळीची विनंती, पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, टो करून न्या.

आधी इंजिन उघडून बघा. रॉड वाकलाय पण ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) शाबूत आहे, तर त्याच ब्लॉकचं काम करून घ्या. इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो, त्यामुळे तो बदलत नाही आणि आरटीओची फेरी वाचते. रॉडने ब्लॉकला भोक पाडलं असेल तरच दुसरं इंजिन शोधायला निघा.

मग आपल्या गाडीची माहिती लिहून काढा. आरसीवरून इंजिन नंबर, चॅसिस नंबर, गाडी बनल्याचा महिना-वर्ष आणि बीएस ४ की बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा मानक) हे उतरवा. गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक तेही लिहा. मेकॅनिकला इंजिनचा कोड, म्हणजे कंपनीने त्या प्रकारच्या इंजिनाला दिलेलं नाव, विचारा. जुनं इंजिन उतरवण्यापूर्वी माउंटिंग, वायरिंगचे कनेक्टर आणि पुलीची बाजू यांचे फोटो काढा. दुकानात सगळ्यात जास्त उपयोग या फोटोंचाच होतो.

'सीसी तोच आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मी इथेच फसणार होतो. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत आलं. मला एका दुकानदाराने अर्टिगाचं इंजिन दाखवलं आणि "साहेब, सेम टू सेम" म्हणाला. पण डिझायरचं ७५ हॉर्सपॉवरचं आणि अर्टिगाचं ९० चं. टर्बो वेगळा, ईसीएमची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) सेटिंग वेगळी. फोटो शेजारी धरल्यावर टर्बोचा फरक दुकानदारालाही दिसला. मॉडेलच्या नावापेक्षा कोड आणि पॉवर जुळवा. बीएसही तोच हवा, नाहीतर सेन्सर आणि सायलेन्सरपर्यंत सगळं अडतं.

बाजारात गेल्यावर. मुंबईत जुन्या इंजिनांसाठी लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातात. आपला मेकॅनिक बरोबर न्या, आणि दिवसाउजेडीच जा. ऑइलचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. तिथे दह्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. पावसाळ्यानंतर तर हे बघाच, कारण बुडालेल्या गाडीचंच इंजिन तुमच्या गळ्यात पडू शकतं. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या तोंडात, बोट फिरवा. गंज किंवा चिखल लागला तर दुसरं बघा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. जड चाललं तरी हरकत नाही, कुठे अडकता कामा नये. शेवटी कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावून घ्या. सगळ्या सिलिंडरचं रीडिंग जवळपास सारखं हवं; एखादाच फार खाली असेल तर सौदा सोडा.

कागदाशिवाय पैसे देऊ नका. ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा. कानशीने घासल्याच्या खुणा किंवा वेडेवाकडे ठोकलेले आकडे दिसले तर तिथून निघा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. पक्क्या बिलावर तोच नंबर लिहून घ्या. ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची किंवा स्क्रॅप प्रमाणपत्राची प्रतही मागा. परत घेण्याची मुदत बिलावरच लिहून घ्या.

बसवताना क्लच प्लेट, क्रँकचं ऑइल सील आणि वॉटर पंप बदलून टाका. नंतर यासाठी पुन्हा खोलाखोलीची मजुरी पडते. ईसीएम आपल्याच गाडीचा ठेवा, कारण इमोबिलायझर (दुसऱ्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) चावीशी जोडलेला असतो.

आरटीओचं काम टाळू नका. शक्यतो इंजिन बसवण्याआधीच परवानगी घ्या. न घेता बदललं असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार १४ दिवसांत आपल्या आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. ताडदेव, अंधेरी, वडाळा की बोरिवली, ते तुमच्या पत्त्यावर ठरतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते. आरसी हातात आली की तिची प्रत लगेच विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्या. माझ्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कव्हर, नव्हतं, म्हणून सबवेतल्या नुकसानीचा एक रुपयाही मिळाला नाही. नंबर बदलायला गेलो तेव्हाच ते कव्हर घालता येईल का हे विचारलं, आणि पुढच्या नूतनीकरणाला घेतलं.